मासळीच्या सोबतीचे आंबट

मासळी आणि आंबट यांची सोबत जगाच्या पाठीवर जवळजवळ सर्वत्र आढळते. कोकणात बांगड्याच्या कालवणात कोकमे अगर चिंच पडते. गोव्यात मोरीचे आंबट-तीक होते. बंगालकडे काही मासे दह्यात शिजवितात. आणि युरोपात तळलेल्या माशाशेजारी लिंबाची फोड व पांढऱ्या, दाट अशा ‘टार्टार सॉस’ची लहानशी वाटी ठेवण्याचा प्रघात आहे. हा शेवटचा पदार्थ आता आपल्याकडील शहरांतही बाटल्यांतून आणि पुड्यांतून विकत मिळू लागला आहे. त्यामुळे ते एखाद्या परदेशी कारखान्याचे गुपित असावे, आणि साध्या घरी ते साधणारे नव्हे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा समज निराधार आहे. तेल, आंबट, अंडे, कांदा आणि हिरवा पाला एवढ्या साहित्यावर हा सॉस उभा असतो. मात्र तो करताना दोन गोष्टींविषयी सावध असावे लागते. त्या दोन गोष्टी कोणत्या, आणि समुद्रापासून दूरच्या गावातील गृहिणीने हा सॉस आपल्या घरच्या जिनसांतून कसा करावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठी बीदर तालुक्यातील जनवाडा हे गाव घ्यावे. मांजरा नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख. समुद्र पश्चिमेचा असो वा पूर्वेचा, येथून सुमारे चारशे किलोमीटर अगर त्याहूनही दूर आहे. ज्या जिल्ह्यात कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानांवर पडतात, तेथील स्वयंपाकघरही तसेच चौरंगी आहे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिळाची व शेंगदाण्याची चटणी, करडईचे तेल आणि चिंच ही त्याची ओळख. अशा ठिकाणी मासळी दोन वाटांनी येते. पहिली वाट मांजरा, तिची उपनदी कारंजा आणि त्यांवरील तळी-जलाशय यांची; या वाटेने मरळ, रोहू, कटला, मृगळ असे गोड्या पाण्यातील मासे मिळतात. दुसरी वाट दूरच्या किनाऱ्यावरून बर्फात रचून येणाऱ्या बांगड्यासारख्या समुद्रातील मासळीची. या दोन प्रकारच्या मासळीस आंबटाची गरज दोन निरनिराळ्या कारणांनी लागते.

या मुलखात माशाला आंबट लावण्याची रीत काही नवी नव्हे. जनवाडा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची प्राचीन राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या कर्तव्यांपासून त्याच्या करमणुकींपर्यंत नाना विषय त्यात आले आहेत. मासे धरण्याच्या विनोदाला त्यात स्वतंत्र स्थान आहे, आणि अन्नाच्या प्रकरणात मासे कापून, स्वच्छ धुऊन, चिंचेच्या आंबटात शिजविण्याची रीतही सांगितली आहे. म्हणजे समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या राजधानीच्या पाकशाळेलाही माशाला आंबट हवे हे ठाऊक होते. ते का हवे, याचा उलगडा मात्र अलीकडच्या रसायनशास्त्राने केला.

समुद्रातील माशांच्या मांसात एक नत्रयुक्त पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात जगण्यास त्यांना त्याचा उपयोग होतो. मासा मेल्यावर सूक्ष्म जंतू या पदार्थाचे रूपांतर ‘ट्रायमेथिलअमाइन’ नावाच्या द्रव्यात करतात. हे द्रव्य हवेत सहज उडते, आणि नाकाला जो उग्र मासळी-वास जाणवतो तो मुख्यतः त्याचाच. हे द्रव्य क्षारधर्मी आहे. त्याला लिंबाचा रस, चिंच अगर व्हिनेगर भेटले म्हणजे आम्लाशी संयोग होऊन त्याचे न उडणारे लवण बनते, आणि वास दबतो. गोड्या पाण्यातील माशांत हा मूळ पदार्थ फारच थोडा असतो. त्यांची तक्रार निराळी असते, ती म्हणजे चिखलाच्या वासाची. पाण्यातील व गाळातील काही सूक्ष्मजीव ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य निर्माण करतात. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा सुगंध याच द्रव्यामुळे येतो. परंतु जो गंध अंगणात हवाहवासा वाटतो तोच माशाच्या तुकड्यात नकोसा होतो. हे द्रव्य माशाच्या कातडीत व चरबीत साठते. आम्लाच्या योगाने त्याचेही विघटन होते. म्हणून नदीच्या माशाचे तुकडे मीठ, हळद व चिंचेचा कोळ चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत व मग धुऊन घ्यावेत, या जुन्या रीतीला चांगला आधार आहे.

येथेच सावधगिरीची पहिली गोष्ट येते. आंबटाने वास दबतो. शिळेपणा नाहीसा होत नाही. बांगडा, गेदर यांसारखे मासे पकडल्यानंतर पुरेशा बर्फात राहिले नाहीत, तर जंतूंच्या क्रियेने त्यांच्या मांसात ‘हिस्टामिन’ नावाचे द्रव्य साठते. ते लिंबाने जात नाही, तळल्याने जात नाही, आणि नंतर कितीही बर्फ घातले तरी जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर खाज व गांधी उठणे, डोके दुखणे, ओकारी, छातीत धडधड, अशी लक्षणे दिसतात. किनाऱ्यावरच्या गृहिणीच्या हाती पहाटेची मासळी सकाळी पडते. जनवाड्यासारख्या गावी मात्र ती शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून आलेली असते. वाटेत बर्फ कोठे विरघळले आणि कोठे पुन्हा घातले याचा पत्ता ग्राहकाला लागत नाही. म्हणून परीक्षा आधी माशाची आणि मग सॉसची तयारी, हा क्रम कधीही उलटू नये. डोळे फुगीर व स्वच्छ असावेत, कल्ले तांबडे असावेत, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर यावे. डोळे खोल गेलेला, कल्ले तपकिरी पडलेला व बोटाचा खळगा तसाच राहणारा मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. वास लपविण्यासाठी जेथे आंबट लागते, तेथे मासाच नको.

आता सॉसकडे वळू. तातार लोकांच्या नावावरून फ्रेंच पाकशास्त्रात हे नाव रूढ झाले. त्या लोकांच्या आहाराशी मात्र या पदार्थाचा संबंध जुळत नाही. त्याचा पाया म्हणजे ‘मेयोनेज’ हा पदार्थ. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत, हे प्रत्येकजण पाहतो. घुसळले तर क्षणभर मिसळतात, पण हात थांबताच तेल वर येते. अंड्याच्या बलकात मात्र लेसिथिन नावाचा पदार्थ व काही प्रथिने अशी असतात, की त्यांचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. ती तेलाच्या बारीक थेंबाभोवती कवच करून बसतात, आणि मग ते थेंब एकमेकांना मिळू शकत नाहीत. अशा स्थिर मिश्रणास शास्त्रात ‘पायस’ म्हणतात. दूध हेही एक पायसच आहे. तेल पातळ, लिंबाचा रस पातळ, तरी त्यांतून लोण्यासारखा दाट पदार्थ कसा होतो, या नवलाचे उत्तर त्या असंख्य थेंबांच्या दाटीत आहे. त्यासाठी तेल आरंभी थेंबाथेंबानेच घालावे लागते. घाईने ओतले की थेंब मोठे राहतात, एकमेकांत मिळतात, आणि सॉस फुटतो.

नेहमीच्या मेयोनेजमध्ये बलक कच्चा असतो, आणि हीच सावधगिरीची दुसरी गोष्ट होय. अंड्याच्या कवचावर, क्वचित अंड्याच्या आतही, साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात. लिंबाच्या थोड्याशा रसाने ते खात्रीने मरत नाहीत, आणि उन्हाळ्यात उघड्यावर राहिलेल्या सॉसमध्ये त्यांची वाढ झपाट्याने होते. ही भीती पुस्तकी नव्हे. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्यांच्या मेयोनेजवर बंदी घातली. बीदर जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगण राज्याने अन्नविषबाधेच्या घटनांनंतर ३० ऑक्टोबर २०२४ पासून, आणि तमिळनाडूने ८ एप्रिल २०२५ पासून, प्रत्येकी एका वर्षापुरती अशीच बंदी केली. कारखान्यांत जंतुरहित केलेली अंडी वापरता येतात; घरी व रस्त्यावरच्या गाड्यावर ती सोय नसते. लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व आजारी माणसे यांना अशा अन्नाचा अपाय अधिक होतो. तेव्हा घरच्या सॉसमध्ये कच्चे अंडे घालूच नये, हे उत्तम.

मग सॉस होणार कसा? याचे उत्तर जुन्या फ्रेंच पाकशास्त्रातच आहे. ऑग्युस्त एस्कोफिए या प्रख्यात पाकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात टार्टार सॉससाठी कडक उकडलेल्या अंड्यांचेच बलक सांगितले आहेत. उकडल्याने बलकाची तेल धरून ठेवण्याची शक्ती काहीशी कमी होते, परंतु नाहीशी होत नाही. तिला मोहरीची जोड दिली की काम भागते.

चार-पाच माणसांसाठी कृती अशी. तीन अंडी उकळत्या पाण्यात बारा मिनिटे ठेवून कडक उकडावीत व गार पाण्यात टाकून सोलावीत. बलक वेगळे करून बारीक चाळणीतून दाबून काढावेत. गुठळी राहू देऊ नये. एक लहान चमचा मोहरीची पूड थोड्या पाण्यात, लोणच्यासाठी फेसतात तशी, नाकाला झणका येईपर्यंत फेसावी. बलकात ही मोहरी, अर्धा लहान चमचा मीठ, दोन लहान चमचे लिंबाचा रस व तेवढेच कोमट पाणी घालून गुळगुळीत लगदा करावा. नंतर सुमारे १०० मिलिलिटर तेल घ्यावे. करडईचे अगर शेंगदाण्याचे शुद्ध केलेले, वास नसलेले तेल यासाठी चांगले. घाण्याच्या तेलाचा उग्र स्वाद माशावर मात करतो. हे तेल प्रथम थेंबाथेंबाने व लगदा दाट होऊ लागल्यावर बारीक धारेने घालीत, एकाच दिशेने सतत फेटीत जावे. मिश्रण फार घट्ट झाले तर चमचाभर पाणी घालावे. फुटले तर टाकून देऊ नये. दुसऱ्या भांड्यात चमचाभर फेसलेली मोहरी घ्यावी आणि फुटलेले मिश्रण तिच्यात थेंबाथेंबाने घालून पुन्हा फेटावे. बहुधा ते सावरते. शेवटी एका अंड्याचा पांढरा भाग अगदी बारीक चिरून मिसळावा.

एवढ्याने पाया झाला. त्याला टार्टार हे नाव मिळते ते त्यात पडणाऱ्या आंबट व हिरव्या जिनसांमुळे. युरोपात त्यात व्हिनेगरमध्ये मुरविलेली कोवळी काकडी आणि ‘केपर’ नावाच्या झुडपाच्या खारविलेल्या कळ्या चिरून घालतात. यांपैकी कोवळी काकडी कर्नाटकाला अनोळखी नाही. परदेशी पाठविण्यासाठी तिची लागवड या राज्यात मोठ्या प्रमाणावर होते, आणि ती बरण्यांतून देशोदेशी जाते. घरी साध्या कोवळ्या काकडीचे बारीक तुकडे मीठ लावून अर्धा तास ठेवावेत, घट्ट पिळावेत व चमचाभर व्हिनेगरमध्ये मुरवावेत म्हणजे काम होते. केपरचीही आपल्याकडे भावंडे आहेत. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला जिची भाजी करतात ती वाघाटी, आणि कोरड्या माळावर वाढणारी नेपती, या दोन्ही वनस्पती केपरच्याच वंशातील होत. नेपतीच्या फळांचे लोणचे जेथे घालतात, तेथील गृहिणीला ते धुऊन, बारीक चिरून चमचाभर या सॉसमध्ये घालता येईल. ते नसेल तर मिठात मुरलेल्या कैरीची अगर लिंबाची फोड घ्यावी. मात्र ओळख पटल्यावाचून रानातील फळे वा कळ्या आणून खाऊ नयेत.

हिरव्या जिनसांत युरोपीय गृहिणी अनेकदा ‘डिल’ नावाचा पाला वापरते. हा पाला म्हणजे आपला शेपूच. आठवड्याच्या बाजारात जुडीने मिळणारा हा पाला कित्येकांना भाजीत नावडतो, परंतु माशाच्या संगतीत त्याचा गंध फार खुलतो. एक मोठा चमचा बारीक चिरलेला शेपू, तेवढीच कोथिंबीर, एक लहान कांदा बारीक चिरून, मिठाच्या पाण्यात धुऊन व पिळून, आणि एक हिरवी मिरची, एवढे मिश्रणात घालावे. कांदा धुण्याचे कारण असे, की त्याचा उग्र रस निघून जातो व सॉसला पाणी सुटत नाही. झालेला सॉस अर्धा तास थंड जागी ठेवला म्हणजे सर्व स्वाद एकजीव होतात.

ज्यांना अंडे नको असेल त्यांच्यासाठी दुसरा मार्ग चक्क्याचा आहे. दोन वाट्या ताजे, गोडसर दही फडक्यात बांधून तीन-चार तास थंड जागी टांगावे. मिळालेल्या चक्क्यात फेसलेली मोहरी, मीठ आणि दोन मोठे चमचे तेल घालून फेटावे, व वर सांगितलेले आंबट-हिरवे जिन्नस मिसळावेत. दह्याचा आंबटपणा अंगचाच असल्याने लिंबाचा रस बेतानेच घालावा. येथे एक शंका अनेक घरांतून निघेल. मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत असे आयुर्वेदाने सांगितले आहे, मग दह्याचे काय? बंगालमध्ये दह्यातील मासा पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो, आणि निरोगी माणसाला या संयोगाने रोग जडतो असे आधुनिक वैद्यकाने सिद्ध केलेले नाही. तथापि ज्या घरात हा नियम पाळला जातो, तेथे तो मोडण्याचे काही कारण नाही; त्यांच्यासाठी तिसरा मार्ग मोकळा आहे.

हा तिसरा मार्ग तिळाचा. लेबनॉन व आसपासच्या अरब देशांत तिळाचा लगदा, लिंबाचा रस व लसूण यांची ‘तरातोर’ नावाची चटणी माशाबरोबर वाढतात. तीळ ही तर या पठाराची ओळखीची जिन्नस. एक वाटी पांढरे, पॉलिश केलेले तीळ मंद आचेवर, रंग बदलू न देता, हलके भाजावेत. गार झाल्यावर दोन चमचे तेलासह अगदी लोण्यासारखे वाटावेत. त्यात लसणीच्या दोन पाकळ्या, मीठ व एका लिंबाचा रस घालावा. लिंबू पडताच लगदा आधी घट्ट व खरखरीत होतो. त्याने घाबरून जाऊ नये. थोडे थोडे गार पाणी घालीत फेटीत राहावे, म्हणजे तोच लगदा पांढरा, मऊ व हलका होतो. पाणी आणि तेल यांना एकत्र आणण्याचाच हा आणखी एक प्रकार आहे. शेपू, कांदा व आंबट काकडी त्यात घातली, की अंडे नाही, दूध-दही नाही, आणि तरी माशाला साजेसा सॉस तयार होतो.

यांपैकी कोणताही सॉस शिजवावयाचा नसतो. तो गार असावा आणि मासा गरम. मरळ अगर रोहूचे तुकडे मीठ, हळद व तिखट लावून, ज्वारीच्या अगर तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळावेत, आणि पानात वाढताना शेजारी दोन चमचे सॉस ठेवावा. तळलेल्या पदार्थाचा तेलकटपणा जिभेवरून उतरविण्याचे काम आंबट करते, म्हणून ही जोडी मनाला भावते. ज्वारीच्या भाकरीबरोबरही ती चांगली लागते. सॉस लागेल तेवढाच करावा. शीतकपाटात तो झाकून ठेवला तर दोन दिवस राहतो. जेवणाच्या वेळी बाहेर काढलेला सॉस दोन तासांपेक्षा अधिक उघड्यावर राहिला असेल, तर तो टाकून द्यावा. बीदर-कलबुर्गीकडच्या वैशाखातील उष्णतेत तर एक तासही पुरे. उरलेला सॉस ताज्या सॉसमध्ये मिसळण्याची काटकसर महागात पडते.

एकंदरीत पाहता, टार्टार सॉस हा परका पदार्थ परका राहण्याचे काही कारण नाही. कल्याणीच्या पाकशाळेने नऊशे वर्षांपूर्वी माशाला चिंच दिली, फ्रान्सने उकडलेल्या बलकात तेल घोटले, अरबांनी तीळ वाटले. आणि या सर्वांस लागणारे जिन्नस जनवाड्याच्या घरात किंवा आठवड्याच्या बाजारात मिळू शकतात. गृहिणीच्या अंगी हवी ती तेल घालतानाची सबुरी, अंडे पुरते उकडण्याचा नेम, आणि मासा ताजा नसेल तर तो नाकारण्याचा ठामपणा. यांतील पहिल्या गुणाने सॉस साधतो. उरलेल्या दोहोंमुळे तो खाणाऱ्यांची प्रकृती सांभाळली जाते, आणि घरच्या स्वयंपाकाचे खरे मोल त्यातच आहे.